हाताला बोलतं करताना

एका खासगी आयटीआयमध्ये फिटरच्या निदेशकाच्या, म्हणजे फिटरचं काम शिकवणाऱ्याच्या, जागेसाठी मुलाखती चालल्या होत्या. उमेदवारांत पन्नाशीकडे झुकलेले एक मिस्त्री होते. अंगठ्याच्या नखात कायमचा बसलेला काळेपणा, बोटांच्या पेरांवर घट्टे. त्यांना माइल्ड स्टीलचा एक तुकडा दिला आणि त्याची एक बाजू कानसून सपाट करून दाखवायला सांगितली. मिस्त्रींनी आधी काम घट्ट धरणाऱ्या व्हाइसच्या जबड्याशी कोपर नेऊन उंची पाहिली, कानशीवरून वायर ब्रश फिरवला आणि थोड्याच वेळात अशी बाजू काढली, की काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे धरला तर केसाएवढीही फट दिसेना. मुलाखत घेणारे खूश झाले. मग त्यांच्यातले एक जण म्हणाले, "आता समोर वीस मुलं उभी आहेत असं समजा आणि हेच काम सांगत सांगत करा." मिस्त्रींनी कानस उचलली, दोन हात मारले आणि थांबले. "हे असं धरायचं... आणि असं मारायचं. सवयीनं येतं साहेब ते." पुढे शब्दच नाहीत. पुन्हा सुरुवात केली तेव्हा मघाचा तो सहज चालणारा हातही अडखळला. जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. ही हकीकत ऐकल्यापासून ती मनातून जात नाही, कारण यात नेमकं कोण कमी पडलं हे सांगता येत नाही.

मिस्त्रींना जे सांगता आलं नाही ते काही गूढ नव्हे. कानस पुढे ढकलायला लागताना तिचं टोक कामाजवळ असतं आणि मूठ लांब मागे लटकत असते, म्हणून तेव्हा टोकावरच्या डाव्या हाताचा दाब जास्त हवा. हात मध्यावर आला की दोन्ही हातांचा दाब सारखा. शेवटाला मूठ कामाजवळ येते आणि टोक पुढे अधांतरी जातं, तेव्हा डावा हात हलका सोडून उजव्याने दाबायचं. दोन्ही हातांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच जोर लावला तर कानस तराजूसारखी झुलते. आधी अलीकडची कड खाल्ली जाते, मग पलीकडची, आणि मध्ये उंचवटा राहतो. नव्या मुलाचा जॉब, म्हणजे कानसलेला तुकडा, गुण्याखाली डुगडुगतो तो यामुळेच. धातू कापला जातो तो पुढे जाताना. मागे येताना दाब ठेवला तर दाते बोथट होतात. दात्यांत कीस अडकला की तो कामावर खोल ओरखडे काढतो, म्हणून अधूनमधून वायर ब्रश मारायचा आणि शेवटच्या फिनिशिंगला कानशीवर खडू घासायचा. कानसलेल्या बाजूवरून बोट फिरवून बघायचा मोह आवरायचा, कारण बोटाचं तेलकटपण लागलं की पुढचा हात घसरतो. यातलं प्रत्येक पथ्य मिस्त्रींनी त्या मुलाखतीत पाळलं होतं. फक्त ते पाळतोय याचा त्यांना पत्ता नव्हता.

कसबी माणसाचं असंच होतं. हात तयार होत जातो तसतसं त्या हाताला काय काय शिकवलं होतं ते डोक्यातून पुसलं जातं. घरात मराठी बोलत वाढलेल्या माणसाला एखाद्या परदेशी पाहुण्याने 'मी केलं' आणि 'मी गेलो' यांत क्रियापद वेगळं का वागतं असं विचारलं, तर तो जसा गप्प होतो, तसे हे मिस्त्री गप्प झाले. चूक कधीच होत नाही, म्हणून नियम कधी आठवावा लागलेला नाही.

शिकवण्याचा परवाना म्हणजे खरं तर हा विसरलेला नियम पुन्हा आठवायला लावणारं शिक्षण असायला हवं.

आपल्याकडे ते आहे, हे विशेष. आयटीआयच्या निदेशकांना शिकवणारी पहिली संस्था १९४८ मध्ये बिलासपूरजवळ कोनीला सुरू झाली आणि १९६० च्या दशकात मुंबईसह आणखी सहा ठिकाणी अशा संस्था निघाल्या. आज त्यांना एनएसटीआय म्हणतात, अभ्यासक्रमाला सीआयटीएस आणि तो पूर्ण केल्यावर मिळणाऱ्या प्रमाणपत्राला एनसीआयसी. एका वर्षाचा हा कोर्स. त्यात एक भाग स्वतःच्या ट्रेडचा, म्हणजे फिटर-वेल्डरसारख्या कामाचा, असतो आणि दुसरा ट्रेनिंग मेथडॉलॉजीचा, म्हणजे शिकवावं कसं याचा. उमेदवारांचं सगळं लक्ष बहुधा ट्रेडच्या भागावर असतं आणि मेथडॉलॉजी म्हणजे फायली भरायचं काम असा समज असतो. माझं मत नेमकं उलट आहे. वीस वर्षं कानस मारलेल्या माणसाला ट्रेडमध्ये नवं फारसं मिळणार नाही, ड्रॉइंग आणि हिशेब सोडले तर. त्याच्या उपयोगाचं आहे ते त्या रटाळ वाटणाऱ्या दुसऱ्या भागात.

त्या भागाचा कणा चार पायऱ्यांचा आहे: तयारी, सादरीकरण, उपयोजन आणि चाचणी. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतल्या जहाजबांधणी कारखान्यांना हजारो नवे कामगार घाईने तयार करायचे होते, तेव्हा चार्ल्स अ‍ॅलन या तंत्रशिक्षकाने ही पद्धत रुळवली. दुसऱ्या महायुद्धात तिला आणखी धार आली. शंभर वर्षं उलटली तरी ती टिकून आहे, कारण ती कामाच्या अंगाने जाते. निदेशकाने आधी कागदावर तीन रकाने आखायचे: काय करायचं, कसं करायचं, का करायचं. 'काय'च्या रकान्यात 'कानस पुढे ढकला' एवढंच येतं. खरा कस 'कसं'च्या रकान्यात लागतो. तिथे फक्त तेच मुद्दे लिहायचे ज्यांच्यामुळे काम जमतं किंवा फसतं, ज्यांच्यामुळे इजा होऊ शकते, किंवा जे कळले की हात हलका होतो. डाव्या-उजव्या हाताच्या दाबाची अदलाबदल इथे येते. बिनमुठीची कानस वापरायची नाही, तिचं शेपूट तळहातात घुसतं, हेही इथेच. 'का'च्या रकान्यात उंचवट्याचं कारण येतं. एका कामाला असे मुद्दे किती असावेत? मला विचाराल तर पाच-सहाच. अनुभवी माणूस पहिल्यांदा लिहायला बसला की एकही मुद्दा सुचत नाही, आणि एकदा सुचायला लागले की चाळीस सुचतात. ते चाळीस छाटून सहावर आणणं हे ट्रेडपेक्षा अवघड काम आहे.

आणि मग प्रात्यक्षिक दाखवण्याची जागा. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत येते, वर्कशॉपमध्ये मात्र तिच्यावरच सगळं फसतं. फिटरची एक तुकडी वीस जणांची. वीस जण एका व्हाइसभोवती गोळा झाले की पुढच्या सहा जणांना दिसतं आणि बाकीचे मोबाइल काढतात. जे समोर उभे असतात त्यांना सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसतं, निदेशकाचा डावा हात त्यांच्या उजव्या बाजूला. म्हणून पाच-पाच मुलांचे गट करायचे आणि त्यांना आपल्या खांद्यामागे उभं करायचं. पहिल्यांदा काम नेहमीच्या वेगाने, काही न बोलता करून दाखवायचं. दुसऱ्यांदा सावकाश, पायरी-पायरीने बोलत. तिसऱ्यांदा हात निदेशकाचे, पण बोलायचं मुलाने. तिसऱ्या खेपेला मूल जिथे अडतं तिथेच ते उद्या चुकणार असतं. त्या मिस्त्रींना हे तीनदा करून दाखवणं कुणी शिकवलं असतं, तर मुलाखतीत हात अडखळला नसता असं वाटत राहतं. हात आणि जीभ एकाच वेळी चालवणं हा सरावाचा भाग आहे, हुशारीचा नव्हे.

फिटरच्या अभ्यासक्रमपुस्तिकेत निदेशकाच्या पात्रतेबद्दल एक छोटी टीप आहे. इंजिनिअरिंगची पदवी असेल तर एक वर्षाचा अनुभव, डिप्लोमा असेल तर दोन वर्षं, आणि आयटीआयचं एनटीसी प्रमाणपत्र किंवा अ‍ॅप्रेंटिसशिपचं एनएसी प्रमाणपत्र असेल तर तीन वर्षं. ही झाली पात्रता. टीप त्याखाली आहे: दोन निदेशकांपैकी एक पदवी किंवा डिप्लोमावाला असावा, दुसरा एनटीसी-एनएसीवाला, आणि एनसीआयसी दोघांकडेही हवं. सबंध पुस्तिकेतलं हे सर्वांत शहाणं वाक्य आहे असं मी मानतो. ज्याने हे लिहिलं त्याला वर्कशॉप माहीत होतं. डिप्लोमावाला फिट्स आणि टॉलरन्सचा तक्ता फळ्यावर सफाईने मांडतो, पण मुलाचा हॅक्सॉ वाकडा का जातोय ते त्याला लांबून ओळखता येत नाही. आयटीआयवाल्याला ते पाठमोऱ्या मुलाच्या खांद्यावरून कळतं, फक्त ड्रॉइंगमधल्या प्रोजेक्शनची शंका आली की तो विषय बदलतो. दोघं एका छताखाली आले की मुलांचं भलं होतं. अर्थात दोन्ही जागा भरलेल्या असतील तर. एक जागा रिकामी आणि दुसरी तासिका तत्त्वावर, असं चित्र दिसतं तेव्हा ही टीप कागदावरच राहते.

पण या टिपेतही एक माणूस बसत नाही. ज्याच्याकडे एनटीसी नाही आणि एनएसीही नाही, तो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शिरोलीत, भोसरीच्या गल्ल्यांत अशी माणसं जागोजागी आहेत. आठवी-नववीत शाळा सुटली, काकाच्या ओळखीने शॉपमध्ये, म्हणजे छोट्या वर्कशॉपमध्ये, हेल्पर म्हणून लागले, पहिलं वर्ष झाडू, चहा आणि कटिंग ऑइलचे डबे भरण्यात गेलं. मिस्त्री काही समजावून सांगत नसे. नजरेनं चोरायचं, हीच शिकवणी. लेथचं टूल घासताना मिस्त्रीने मनगट किती वळवलं, कानशीचा आवाज खरखरीत आहे तोवर ती कापतेय आणि किरकिरायला लागली की घसरतेय, हे असंच कानाडोळ्यांनी उचललं. या शिक्षणात किती वर्षं वाया जायची आणि किती पोरं मधेच पळून जायची याला हिशेब नाही. त्या काळाची आठवण काढून उसासे टाकणाऱ्यांशी माझं पटत नाही. तरी एक कबूल करायला हवं. तसं शिकलेल्या माणसाची नजर वेगळीच घडते. त्याला काम बिघडण्याच्या आधी कळतं. तीच नजर आयटीआयच्या वीस मुलांना मिळावी आणि तीही चपराका आणि फुकट गेलेल्या वर्षांशिवाय, यासाठी तर त्याला वर्गात आणायचं.

त्याला यायचं असेल तर वाट अशी आहे. दहावी नसेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी. वेल्डरसारख्या काही ट्रेडना आठवी पास चालते, फिटरला दहावी लागते. मग ट्रेडचं प्रमाणपत्र: पुन्हा दोन वर्षं आयटीआयच्या बाकावर बसणं या वयात शक्य नसतं, म्हणून अनुभवाच्या जोरावर खासगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय ट्रेड परीक्षेला बसायचं. प्रॅक्टिकल तो डोळे मिटून पास होतो. अडतो तो थिअरीत, आणि तिथे चेन्नईच्या निमी संस्थेची ट्रेड थिअरीची पुस्तकं कामी येतात. ती मराठीतही मिळतात. एनटीसी हातात आलं की सीआयटीएसची प्रवेश परीक्षा, जिला एआयसीईटी म्हणतात, आणि मग एक वर्ष एनएसटीआयमध्ये पूर्ण वेळ. त्या प्रवेश परीक्षेत खरी मेख आहे. गेल्या वर्षी आयटीआय पास झालेला मुलगा आणि वीस वर्षं घासलेला कारागीर एकाच बाकावर बसून त्याच पर्यायी प्रश्नांना खुणा करतात. मुलाला कालचाच अभ्यास आठवतो. कारागिराच्या वीस वर्षांना त्या खुणांत जागा नाही.

त्यातूनही तो पास झाला तर पुढचा प्रश्न घरचा. एक वर्ष पगार नाही. मुलाची फी, म्हातारीचं औषध, खोलीचं भाडं. विशीतल्या मुलाला हे वर्ष शिक्षणाचंच वाटतं, चाळिशीतल्या माणसाला ते बारा कोरे पगार वाटतात. परवान्याच्या सगळ्या अटींपेक्षा ही न लिहिलेली अट जास्त माणसं गाळते. आधीपासून आयटीआयत शिकवत असलेल्यांसाठी सीआयटीएसचा आरपीएल प्रकार आहे. त्यात आधीचं कसब आणि अनुभव धरून परीक्षा घेतात आणि पूर्ण वर्ष बसावं लागत नाही. सोय चांगली आहे, पण तिचा फायदा आत पाय ठेवलेल्यालाच. आत जायचं तर एनसीआयसी हवं, आणि सवलतीने एनसीआयसी मिळवायचं तर आत असायला हवं. ही गाठ शॉपमधल्या माणसाला सुटत नाही.

दुसरीकडे ती वेगवेगळ्या रीतीने सोडवलेली दिसते. जर्मनीत माइस्टर व्हायच्या परीक्षेचे चार भाग असतात आणि चौथा भाग शिकवण्याचाच असतो. म्हणजे उस्ताद झालास तर शागीर्द घडवता आलाच पाहिजे, हे तिथे धंद्याचंच अंग मानलं आहे. कारखान्यात शिकाऊ मुलं घडवू पाहणाऱ्यांसाठी जी स्वतंत्र परीक्षा असते तिच्या तोंडी-प्रात्यक्षिक भागाला फार तर अर्धा तास, त्यातली पंधरा मिनिटं एखादा प्रसंग शिकवून दाखवण्याची. अमेरिकेतली बरीच राज्यं अनुभवी कारागिराला मर्यादित मुदतीचा परवाना देऊन आधी वर्गात उभं करतात आणि शिकवण्याचे कोर्स नोकरी करता करता पूर्ण करायला लावतात. यात पहिल्या वर्षीच्या मुलांवर प्रयोग होतो, हा आक्षेप खरा आहे. पण पगार चालू राहतो. आपल्याला लांब जायचीही गरज नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून जो मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय शाळांत गेला, त्यात शिकवायला गावातलेच काम करणारे लोक घेतले, आठवड्यातून एक दिवस. माणूस आपला धंदा सांभाळून शिकवतो, आणि मुलांना वेल्डिंग शिकवणाऱ्याचं दुकान शाळेच्या वाटेवरच असतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही स्थानिक कारागिरांना शाळेत आणण्याची भाषा केली आहे. आयटीआयच्या चौकटीत मात्र हा आठवड्यातून एक दिवसाचा माणूस अजून नीट बसलेला नाही.

सेक्टर स्किल कौन्सिलांची, म्हणजे एकेका उद्योगासाठी कौशल्याची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांची, वाट त्यामानाने आखूड आहे. ट्रेडमधलं कसब आणि शिकवण्याचं कसब अशा दोन वेगळ्या चाचण्या, आणि दोन्हींत पास व्हावं लागतं. काही दिवसांत प्रमाणपत्र हातात येतं. कल्पना रास्त आहे. पण त्यावर मिळतं ते अल्प मुदतीच्या बॅचेसचं काम. बॅच संपली की ट्रेनर घरी. आणि हे प्रमाणपत्र आयटीआयच्या दारात एनसीआयसीची जागा घेत नाही. शिवणकामातल्या कितीतरी बायका या वाटेवर अडकून आहेत. गावात बारा-पंधरा वर्षं ब्लाउजचे क्लास घेतलेल्या बाईंना वर्तमानपत्राच्या कागदावर मुंढ्याचा गोल काढून दाखवता येतो, शिवाय पुढचा मुंढा मागच्यापेक्षा थोडा खोल का घ्यायचा तेही सांगता येतं: हात पुढे येतो, तिथे जादा कापड राहिलं की काखेत चुण्या पडतात. त्या मिस्त्रींना जे जमलं नाही ते या बाईंना आधीच जमतंय, कारण रोज कुणीतरी मुलगी त्यांना 'का' विचारत आली आहे. सोयींग टेक्नॉलॉजीच्या ट्रेडला यांच्याइतक्या तयार निदेशिका मिळणार नाहीत. शिकवण्याचा अनुभव मोजायची कुठे सोय असती तर यांची वाट सर्वांत आधी मोकळी झाली असती.

हे सगळं बदलेल तेव्हा बदलेल. शॉपमध्ये आज काम करणाऱ्या, आणि कधीतरी शिकवावं असं मनात असणाऱ्या माणसाने एक गोष्ट मात्र आत्ताच करायला हवी, ती म्हणजे अनुभवाचा कागद. वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी पीएफचा कायदा सक्तीने लागू होत नाही, कारखान्यात दहापेक्षा कमी असतील तर ईएसआयसीचा कामगार विमाही नाही. पगार रोखीने. म्हणजे आठ माणसांच्या शॉपमध्ये पंधरा वर्षं काढली तरी सरकारदरबारी त्याची एक ओळही नसते. पुरावा म्हणून मालकाचं पत्र तेवढं उरतं, आणि त्या पत्रातही ठरलेल्या चुका असतात. 'आमच्याकडे बरीच वर्षं काम केले, वागणूक चांगली' असं मोघम लिहिलेलं पत्र छाननीत बाजूला पडतं. पत्र लेटरहेडवर हवं, त्यावर उद्यम किंवा जीएसटीचा नोंदणी क्रमांक हवा, कामाला लागल्याची आणि सोडल्याची पूर्ण तारीख हवी, आणि हुद्दा ट्रेडच्या नावाने हवा: 'फिटर', 'टर्नर', 'वेल्डर'. 'हेल्पर' किंवा 'ऑपरेटर' लिहिलं तर तो अनुभव ट्रेडचा धरला जाण्याची खात्री नाही. कोणती यंत्रं चालवली, कोणती कामं केली तेही दोन ओळींत लिहून घ्यावं. पगार थोडा का होईना बँकेत घ्यावा, पासबुकातल्या नोंदी पत्राला आधार देतात. आणि पत्र नोकरी सोडताना मागण्याच्या भरवशावर राहू नये. त्या वेळी मालक नाराज असतो, किंवा शॉपच बंद पडलेलं असतं, किंवा म्हातारे मालक गेलेले असतात आणि पुण्यातल्या मुलाला आपलं नावही ठाऊक नसतं. दर दिवाळीला, बोनस घेताना, त्या वर्षाचं पत्र सही-शिक्क्यासह मागून घ्यावं आणि घरी आधार कार्डासोबत ठेवावं.